आपल्याच गाडीत कंपनीने लपवून ठेवलेल्या गोष्टी कशा शोधायच्या

नवीन गाडी आली की आपण लगेच सीट कव्हर, मॅट, मोबाईल होल्डर घ्यायला पळतो, पण कंपनीने आधीच आत काय काय देऊन ठेवलंय ते बरेच जण गाडी विकेपर्यंत पाहत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कुणीतरी डोकं लावून केलेलं काम असतं ते. म्हणून सांगतो, एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आधी गाडी धुवून घ्या, मोबाईलचा टॉर्च घ्या आणि घरातल्या पोट्ट्यांना सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

सुरुवात मीटरपासून करा. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं चित्र असतं, त्याच्या बाजूला बारीकसा त्रिकोण दिसतो का पाहा, तो ज्या बाजूला त्या बाजूला टाकीचं झाकण. ही आयडिया फोर्डचे इंजिनिअर जिम मॉयलन यांची, १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेले तर झाकण निघालं भलत्याच बाजूला, वरून पाऊस, भिजले आणि परत येऊन सरळ प्रस्ताव लिहून दिला, १९८९ च्या मॉडेलांपासून तो बाण गाड्यांत यायला लागला. चित्रातली नळी कोणत्या बाजूला आहे त्यावरून कळते असं काही लोक सांगतात, त्यावर जाऊ नका, बाणच पाहा. दुसऱ्याची गाडी घेऊन वर्धा रोडच्या पंपावर शिरताना फार कामी येतो.

मग टाकीचं झाकण उघडा. आतल्या फ्लॅपवर बरेचदा खाच नाहीतर हूक असतो, पेट्रोल भरेपर्यंत कॅप तिथे अडकवायची.

आता समोरची काच, इथे मात्र वेळ द्या. काचेच्या कडेने काळी पट्टी असते आणि ती आत येता येता बारीक बारीक ठिपक्यांत विरून जाते, लोकांना ते डिझाईन वाटतं. तो काचेवर भाजून पक्का केलेला सिरॅमिक रंग आहे. काच बॉडीला ज्या गोंदाने चिकटलेली असते तो उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतो, काळी पट्टी त्याला झाकते. आणि ठिपके यासाठी की भट्टीत काच वाकवताना काळा भाग लवकर तापतो, एकदम काळं संपून साधी काच सुरू झाली तर त्या रेषेवर काच लहरी दिसेल, ठिपक्यांमुळे तापमान हळूहळू उतरत जातं. मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी उघड्यावर उभी करणाऱ्या आपल्या नागपूरकरांना तर या पट्टीची किंमत कळलीच पाहिजे, काच बदलायची वेळ आली तर पट्टी नीट आहे का हे पाहूनच बसवून घ्या.

काचेजवळच गमतीचाही माल सापडतो. तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे जीप कंपास असेल, पुण्याजवळ रांजणगावला बनते ती, तर वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकमध्ये एक पाल कोरलेली शोधा, मागच्या बाजूला स्कॉटलंडच्या दंतकथेतला तळ्यातला प्राणीही आहे. स्कोडा असेल तर समोरच्या काचेच्या कडेला पारदर्शक क्लिप मिळेल, सीताबर्डीच्या पार्किंगची पावती तिथे खोचायची. आणि युरोपात ओपेल कोर्साच्या डिझाईनरने ग्लोव्हबॉक्सच्या बाजूच्या प्लास्टिकवर, जे फक्त दार उघडल्यावरच दिसतं, मुलाच्या सांगण्यावरून छोटा शार्क काढला होता आणि मग कंपनीच्या पुढच्या गाड्यांत शार्क लपवायची पद्धतच पडली, मला हा किस्सा सगळ्यात जास्त आवडतो. तेव्हा दारं उघडून डॅशबोर्डची बाजूही तपासा, खण रिकामे करून त्यांचे तळ पाहा, रबर मॅट उचला.

आता चावी. स्मार्ट चावीच्या पोटात एक साधी लोखंडी चावी असते, बाजूचं बटण दाबून किंवा सरकवून ती ओढून काढा, आणि ड्रायव्हरच्या हँडलजवळ छोट्या झाकणाखाली तिचं भोक असू शकते. सेल संपला तर बऱ्याच गाड्यांत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते, काहींत चावी ठेवायची वेगळी जागा असते, मॅन्युअलमध्ये पाहून घरीच एकदा करून बघा, रात्री रस्त्यावर शिकायची वेळ येऊ देऊ नका. काही गाड्यांत अनलॉक बटण दाबून धरलं की चारही काचा खाली येतात, उन्हात तापलेल्या गाडीत बसायच्या आधी गरम हवा काढायला यासारखं सुख नाही भाऊ.

बंपरवर चौकोनी नाहीतर गोल छोटं झाकण दिसेल, त्यामागे टोचनचा हूक बसतो, हूक स्टेपनीजवळच्या टूलमध्ये असतो, एवढं माहीत असलं तरी पुरे.

शेवटी दारांच्या खालच्या कडेला वाकून पाहा, तिथे बारीक भोकं असतात. काचेवरून दाराच्या आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. धुळीने ती बुजतात, कधी अंडरबॉडी कोटिंग मारताना झाकली जातात, मग पाणी आत साचून दार आतून गंजायला लागते. प्लास्टिकच्या काडीने हलकेच मोकळी करा, मग बंद काचेवर मगभर पाणी ओतून पाहा, थोड्या वेळात खालून टपकायला पाहिजे. टपकलं नाही तर मृग लागायच्या आधी मेकॅनिककडून दाराचं पॅड काढून आत पाहून घ्या.