पॅनेल डेटातून बाजाराचे केंद्रीकरण कसे मोजावे

एखादा उद्योग मोजक्या कंपन्यांच्या हाती किती एकवटला आहे, हे मोजायचे सूत्र शाळेतल्या गणिताइतके सोपे आहे. प्रत्येक कंपनीचा बाजारहिस्सा टक्क्यांत काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. हाच हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक, म्हणजे एचएचआय. एकच कंपनी असेल तर तो १०,००० येतो, सारख्या आकाराच्या दहा असतील तर १,०००. घोळ होतो तो हिस्सा काढताना, भाजकात, म्हणजे बाजाराच्या एकूण विक्रीत. म्हणून निम्म्याहून अधिक वेळ तिथेच द्या.

सुरुवात बाजार ठरवण्यापासून. आपल्या पॅनेल डेटात, म्हणजे त्याच कंपन्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींत, बहुधा उद्योगाचा सांकेतांक (उद्योग-वर्गीकरणातला क्रमांक) असतो, आणि सांकेतांक म्हणजे बाजार नव्हे. दोन अंकी सांकेतांकात एकमेकांशी स्पर्धाच नसलेल्या कंपन्या एकत्र येतात. पाच अंकी घेतला तर काही गटांत दोन-तीनच कंपन्या उरतात. मी साधारणपणे मधली पातळी घेतो आणि एक पातळी वर-खाली करून निष्कर्ष टिकतो का ते पाहतो. वर्गीकरण मध्येच बदलले असेल, तर सगळी वर्षे आधी एकाच आवृत्तीवर आणा.

मग साफसफाई. एका कंपनीची एका वर्षात एकच नोंद हवी. समूहाचे एकत्रित हिशेब आणि उपकंपनीचे स्वतंत्र हिशेब दोन्ही आले, तर तीच विक्री दोनदा मोजली जाते. विक्रीच्या रिकाम्या जागाही तपासा. स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरची गटवार बेरीज आणि पायथन भाषेतले पांडास हे पॅकेज रिकामी जागा शून्य धरून गुपचूप पुढे जातात. आर हे सॉफ्टवेअर मात्र मुद्दाम सांगितल्याशिवाय उत्तर देत नाही. त्याचा हा हट्टीपणा मला आवडतो.

आता आकडेमोड. उद्योग आणि वर्ष मिळून एक गट करा, गटाची एकूण विक्री काढा, हिस्से, वर्ग, बेरीज. हिस्से ४०, २५, १५, १२ आणि ८ टक्के असतील तर एचएचआय २,६५८ येतो. १०,००० ला त्याने भागले की ३.७६ मिळतात, म्हणजे हा बाजार सारख्या आकाराच्या पावणेचार कंपन्यांइतका केंद्रित आहे. वाचकाला हा आकडा चटकन कळतो. पहिल्या चार कंपन्यांचा एकत्रित हिस्साही सोबत द्या, पण त्यावरच विसंबू नका. इथे तो ९२ टक्के आहे. चौघींकडे प्रत्येकी २३ टक्के असते तरी तो ९२ च राहिला असता, एचएचआय मात्र २,१८० वर आला असता.

याच उदाहरणात सर्वांत लहान कंपनीची एका वर्षाची नोंद गळाली असे धरा. उरलेल्या चौघींचे हिस्से फुगतात आणि एचएचआय ३,०६५ होतो. गंमत म्हणजे सर्वांत मोठी कंपनी गळाली तरी तो वाढतोच, २,९३९ होतो. बाजारात काहीही घडलेले नसते, फक्त एक ओळ नसते. म्हणून प्रत्येक गटात कंपन्या किती, हे वर्षवार छापून पाहा आणि निर्देशांकाची उडी त्या संख्येशी ताडून बघा. मधल्याच वर्षी गायब होऊन परत आलेली कंपनी बहुतेकदा बंद पडलेली नसते.

डेटात फक्त सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्या असतील तर हीच अडचण कायमची होते. उद्योगाची एकूण विक्री दुसऱ्या स्रोतातून मिळत असेल तर भाजकात तीच घाला. समजा, २० टक्के बाजार दिसत नाही, पण न दिसणाऱ्या कोणाचाही हिस्सा २ टक्क्यांहून जास्त नाही. मग त्या सगळ्यांमुळे निर्देशांकात फार तर ४० ची भर पडेल. एका आकड्याऐवजी अशी मर्यादा देणे जास्त प्रामाणिक. आयातही विसरू नका. ती वगळली की स्थानिक उत्पादक उगाच बलाढ्य दिसतात.

निर्देशांक रिग्रेशनच्या समीकरणात, म्हणजे नफ्यासारख्या गोष्टीशी त्याचा संबंध मोजायला, घालणार असाल तर दोन गोष्टी. तो एका उद्योगातल्या सगळ्या कंपन्यांना त्या वर्षी सारखाच असतो, म्हणून प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) उद्योगानुसार क्लस्टर करा, म्हणजे एका उद्योगाच्या नोंदी एकमेकींशी निगडित धरून काढा. उद्योग-वर्षाचे स्थिर परिणाम, म्हणजे प्रत्येक उद्योग-वर्ष जोडीसाठी वेगळे पद, घातलेत तर तो त्यांतच विरघळेल आणि त्याचा गुणांक निघणारच नाही. आणि नफा जास्त, केंद्रीकरणही जास्त, एवढ्यावरून मक्तेदारीचा निकाल देऊ नका. कार्यक्षम कंपन्या वाढल्या तरी नेमके हेच चित्र दिसते. मागच्या वर्षाचा निर्देशांक घेतल्याने ही शंका पूर्ण फिटत नाही.

अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत १,८०० च्या वरचा बाजार अतिकेंद्रित मानला आहे; २०१० मध्ये ही रेषा २,५०० होती. या रेषा नीट आखलेल्या बाजारांसाठी आहेत. सांकेतांकावरून काढलेल्या आकड्याला त्या लावू नका.