क्लायंट पेमेंट देत नाही? बिल अडकल्यावर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने

मुदत उलटली की बरेचसे फ्रीलान्सर एकतर भिडेखातर गप्प बसतात, नाहीतर थेट वकिलाची भाषा सुरू करतात. त्याआधी एक काम करा: बिल नेमकं कुणाच्या टेबलावर अडकलंय ते शोधा. लोअर परळची एजन्सी असो की अंधेरीतलं प्रॉडक्शन हाउस, काम देणारा वेगळा, बिल मंजूर करणारा वेगळा आणि पैसे सोडणारा अकाउंट्सवाला तिसराच असतो. तुम्ही पहिल्याला रोज मेसेज करता आणि इकडे तुमचं वेंडर रजिस्ट्रेशनच (कंपनीच्या यादीत पुरवठादार म्हणून नोंद) झालेलं नसतं. कधी बिलावर पीओ (कंपनीच्या लेखी ऑर्डरचा) नंबर नसतो, कधी पॅनवरचं आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही. अशी बिलं कुणी नाकारत नाही, ती नुसती पडून राहतात.

म्हणून पहिला ईमेल अकाउंट्सला, आणि काम देणाऱ्याला सीसीत. बिल कोणत्या तारखेला सिस्टीममध्ये चढलं, कागद काय कमी आहे, पेमेंट कधीच्या रनमध्ये (बिलं चुकवण्याच्या फेरीत) आहे, एवढंच विचारा.

सोबत आयकराच्या पोर्टलवर आपला २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता, उघडून बघा. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस (क्लायंटने आधीच कापून सरकारकडे भरायचा तुमचा आयकर) कापला जातो आणि तो पैसे देताना किंवा बिल खात्यात नोंदवताना, जे आधी होईल तेव्हा, कापावा लागतो. म्हणजे पैसे मिळाले नसतानाही तुमच्या नावावर टीडीएस दिसत असेल, तर त्यांनी बिल आपल्या वहीत घेतलंय. नंतर ‘काम पसंतच नव्हतं’ म्हणणं त्यांना जड जातं. ती नोंद डाउनलोड करून ठेवा. मात्र कंपन्या टीडीएसचं विवरण तिमाहीनंतर भरतात, त्यामुळे नोंद उशिरा दिसते. आणि ६०,००० च्या बिलाचे ५४,००० आले म्हणून भांडायला जाऊ नका, ते ६,००० तुमच्याच नावावर जमा आहेत.

मागणीचा मेसेज

‘सर, पेमेंटचं बघा ना’ या वाक्याला काहीच वजन नाही. असं लिहा:

‘नमस्कार मॅडम, ५ जूनला दिलेल्या ब्रोशरचं बिल क्र. १४, रक्कम ६०,००० रुपये. मुदत २० जुलैला संपली. टीडीएस वजा जाता ५४,००० येणं आहे. शुक्रवारपर्यंत जमा होतील का, की कामाबद्दल काही हरकत आहे, ते कृपया ईमेलवर कळवावं.’

शेवटच्या वाक्यात मेख आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं उत्तर आलं तर देणं मान्य झालं. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते. हरकत आली तर ती किती उशिरा आली हे कागदावर येतं. आणि उत्तरच आलं नाही, तर तेही पुढे दाखवता येतं. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ असा ईमेल टाका.

व्हॉट्सअॅपवर सगळं ठरलं असेल तर आपोआप मेसेज पुसण्याची सोय बंद करा, चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

उद्यम नोंदणी: हुकमाचा पत्ता

एकट्याने काम करणारा डिझायनर, अनुवादक, एडिटर, प्रोग्रॅमर यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, करता येते. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारी नकली संकेतस्थळं पुष्कळ आहेत, तिकडे फिरकू नका. नोंदणी कामाच्या आधीची हवी. वाद पेटल्यावर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलासाठी भिस्त ठेवू नका. नंबर प्रत्येक बिलावर छापा.

यामागे २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे. मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत, ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ‘आमच्याकडे ९० दिवसांचं क्रेडिट असतं’ हे मुंबईतलं पेटंट उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही, करारात तसं लिहिलेलं असलं तरी. काम हाती पडल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर दर १८ टक्के होतो, म्हणजे ६०,००० वर सहा महिन्यांत सुमारे ५,६०० रुपये. हा हिशेब मांडून पाठवा. शिवाय आयकरात २०२४ पासून एक तरतूद आली आहे, सीए मंडळी तिला ४३-बी(एच) म्हणतात: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे अकाउंट्सला आठवण करून द्या. कायदेशीर नोटिशीपेक्षा स्वतःच्या सीएचा फोन क्लायंटला लवकर हलवतो.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक दोरी हातात आहे. १८० दिवसांत बिल दिलं नाही तर क्लायंटने तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट (स्वतःच्या करातली वजावट) त्याला व्याजासह परत करावं लागतं. पण पैसे येवोत न येवोत, तुम्हाला कर भरावाच लागतो. म्हणून रक्कम पक्की होईपर्यंत प्रोफॉर्मा (कच्चं) बिलच पाठवा.

तरीही हात वर केले तर

लेखी नोटीस पाठवा: कामाचा तपशील, बिल, व्याज, १५ दिवसांची मुदत. ईमेलवर आणि पोच घेऊन स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर. पहिली नोटीस स्वतः लिहिली तरी चालते.

त्यानंतर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे अर्ज. क्लायंट दिल्लीचा असला तरी प्रकरण तुमच्या भागातल्या कौन्सिलकडे चालतं. आधी समेट, तो फसला तर लवाद. कागदावर ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. निकालाला आव्हान द्यायचं तर क्लायंटला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे बरेचजण तडजोडीला येतात.

चेक बाउन्स झाला तर तारखा चुकवू नका: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, पुढच्या एका महिन्यात तक्रार. पटकथा, संवाद किंवा गीतं लिहिणाऱ्यांनी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद असावं, त्यांची वाद मिटवणारी समिती आहे. परदेशी क्लायंटवर यातलं फारसं चालत नाही, तिथे अॅडव्हान्स आणि टप्प्याटप्प्याने पैसे हाच इलाज. पोलीस ठाण्यात आणि ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) खेपा घालू नका. पहिल्या ठिकाणी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या ठिकाणी ग्राहक तुम्ही नसताच.

रागाच्या भरात क्लायंटची वेबसाइट बंद पाडणं किंवा सर्व्हरवरच्या फायली उडवणं हा आयटी कायद्याने गुन्हा ठरू शकतो आणि मग बाजू उलटते. न दिलेली मूळ फाइल रोखून धरणं मात्र वेगळं. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क जातील’ ही ओळ कोटेशनमध्ये आधीच घाला. फोटोग्राफरांनी तर घालावीच, कारण पैसे ठरवून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, तो काढून घेणाऱ्या क्लायंटकडे जातो.

तडजोड झाली आणि ६०,००० चे ५०,००० घ्यायचं ठरलं, तर हप्ते आणि तारखा ईमेलवर लिहून घ्या. हप्ता चुकला तर सवलत रद्द आणि पूर्ण रक्कम व्याजासह देय, हेही त्यातच लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मात्र शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावरच करा.