फोर्कलिफ्टची तपासणी: किल्ली फिरवण्याआधीची दहा मिनिटे

दारात मालाची गाडी लागलेली आणि हमाल खोळंबलेले असताना ऑपरेटरकडे तपासणीसाठी दहा मिनिटे मागणे कोणत्याही सुपरवायझरला जड जाते, आणि म्हणूनच तपासणीचे रजिस्टर बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत भरले जाते. सहा दिवसांच्या खुणा एकाच पेनाने आणि एकाच झोकात केलेल्या दिसल्या, तर तपासणी झालेलीच नाही असे खुशाल समजावे.

तपासणीची सुरुवात यंत्र बंद ठेवून करावी. फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे पोलादी दाते, जमिनीला टेकवावेत, हँडब्रेक ओढावा आणि किल्ली काढून खिशात ठेवावी. पावसाळ्यात लादी ओलीच असल्याने तेलगळती ओळखू येत नाही. त्यासाठी रात्री यंत्राखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी त्यावरचे डाग पाहावेत. हायड्रॉलिक होजमधली, म्हणजे दाबाखालचे तेल वाहणाऱ्या नळीतली, बारीक गळती हाताने चाचपडून कधीही शोधू नये, कारण दाबाखालचे तेल कातडी भेदून आत शिरते आणि वरून जखम टाचणीच्या टोकाएवढीच दिसते.

सर्वाधिक वेळ फोर्कवर द्यावा. फोर्क जिथे काटकोनात वळतो, त्या हीलच्या भागावर भाराचा सर्वाधिक ताण येतो आणि लादीवर घासून झिजतोही तोच भाग. फोर्कचा उभा भाग घासला जात नसल्याने व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) आधी तिथली जाडी मोजावी, मग हीलजवळची. उभ्या भागात ४० मिलीमीटर आणि हीलजवळ ३६ मिलीमीटर भरले, तर १० टक्के झीज झाली आणि तो फोर्क बाद झाला. चार मिलीमीटर किरकोळ वाटतात, परंतु वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढ्या झिजेने ताकद सुमारे एक पंचमांशाने घटते. हीलच्या आतल्या बाजूची धूळ आणि ग्रीस पुसून तडा आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. तडा गेलेला फोर्क शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरकडून जोडून घेणे ही काटकसर नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे मूळ गुणधर्मच बिघडतात.

मास्टच्या, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या सांगाड्याच्या, चेनकडे मुंबईत जरा जास्त लक्ष द्यावे लागते. शिवडी किंवा माझगावसारख्या समुद्राजवळच्या भागांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून कड्या गंजतात, आखडतात आणि चेन एकसारखी वळत नाही. चेनवर ग्रीसचे लेप चढवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण ग्रीस बाहेरच राहून धूळ धरते. तेल ब्रशने लावावे, म्हणजे ते पिनांपर्यंत उतरते. चेनची लांबी ताणलेल्या स्थितीत मोजावी. पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधले अंतर. १९.०५ मिलीमीटर पिचच्या नव्या चेनचे १६ पिच ३०४.८ मिलीमीटर भरतात. तेच माप ३१४ च्या आसपास गेले, तर चेन ३ टक्के वाढली आहे आणि ती बदलायला हवी. एक कडी काढून चेन आखूड करणे हा त्यावरचा उपाय नाही. माप घेताना मास्टच्या आत हात घालू नये आणि उचललेल्या फोर्कखाली कोणीही उभे राहू नये.

यंत्र विजेवरचे असेल, तर लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, कारण चार्जिंगमध्ये द्रव फुगतो आणि आधी भरलेले पाणी ॲसिडसकट बाहेर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तरच त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे. पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून चार्जिंगच्या कोपऱ्याचे शटर पूर्ण ओढून घेण्याची सवय मात्र मोडावी. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर पोहोचले की एक ठिणगी पुरते.

त्यानंतर यंत्र सुरू करून ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, रिव्हर्सचा बझर आणि सीटबेल्ट पाहावा, आणि फोर्क रिकामा एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणावा. क्षमतेची पाटी वाचता येते ना, हेही पाहावे. सर्व्हिसिंग मात्र तारखेवर नव्हे, तर यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर ठरवावे. डिझेल यंत्रांत इंजिन ऑइल साधारण २५० तासांनी बदलतात, तरी कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

फोर्क, चेन, ब्रेक किंवा स्टिअरिंग यांपैकी कशातही दोष आढळला, तर स्टिअरिंगला ‘बंद’ अशी पाटी बांधावी, रजिस्टरमध्ये दोष शब्दांत लिहावा आणि ‘एवढी एक गाडी उतरवू, मग बघू’ असे म्हणणाऱ्याच्या हाती लागणार नाही अशा कुलपात किल्ली ठेवावी.