मायक्रोवेव्हचा फ्यूज सारखा उडतोय? आधी तो नेमका कधी उडतो ते बघा

पहिला फ्यूज उडाला, नवा घातला, ओव्हन सुरू झाला. दोन दिवसांनी पुन्हा ठप्प. दुसरा घातला, तो तर स्टार्ट दाबताक्षणीच गेला. तिसरा घालताना मनात येतंच, जरा जास्त ॲम्पिअरचा टाकून बघू का? नका टाकू. फ्यूज टिकेल, पण मग त्याच्याऐवजी वायर, ट्रान्सफॉर्मर किंवा भिंतीतलं सॉकेट जळेल. चांदीचा कागद गुंडाळणं, तांब्याची तार बांधणं हे उद्योग तर मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नकोत.

माझा नियम सोपा आहे. एक फ्यूज निव्वळ म्हातारपणाने जाऊ शकतो. वर्षानुवर्षं दर वेळी सुरू होताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर भरमसाट करंट ओढतो, त्या धक्क्यांनी फ्यूजची तार थकते. म्हणून पहिला फ्यूज बिनधास्त बदला. दुसराही उडाला, तर तिसरा आणायच्या आधी बिघाड शोधा.

उघडण्याआधी: फ्यूज कोणत्या क्षणी उडतो?

मेकॅनिक आल्या आल्या स्क्रू खोलायला लागतात, पण अर्धं निदान त्याआधीच करता येतं. फ्यूज कधी उडाला हे आठवा.

प्लग लावून बटण चालू करताच गेला, तर बिघाड बहुधा सुरुवातीच्याच भागात असतो. आत येणारी वायर कुठे चेपली आहे का, फिल्टरच्या (येणारी वीज गाळणाऱ्या) छोट्या बोर्डावर काही जळलंय का, ते बघायचं. झुरळं या बोर्डाच्या उबेला येऊन बसतात आणि दोन टोकांमध्ये पूल बांधून मरतात.

दार उघडताना किंवा लावताना गेला, तर दाराचे स्विच. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण वारंवार फ्यूज उडण्यामागे त्यांचा हात फार वेळा असतो.

स्टार्ट दाबल्यावर आतून ‘घुर्रर’ असा जड आवाज आला आणि लगेच सगळं शांत झालं, तर हाय व्होल्टेजचा भाग. म्हणजे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा), कपॅसिटर (चार्ज साठवणारा), मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह किरणं तयार करणारा) किंवा ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज वाढवणारा). काही मिनिटं व्यवस्थित चालून, तापल्यावर गेला, तरी संशय याच मंडळींवर. थंड असताना नीट वागणारं इन्सुलेशन गरम झाल्यावर दगा देतं.

आणि कधी महिन्याने, कधी आठवड्याने, काही ताळमेळच नसेल, तर फ्यूज ज्या क्लिपांमध्ये बसतो त्या बघा. क्लिप सैल झाली की तिथे उष्णता तयार होते आणि करंट जास्त नसतानाही फ्यूज वितळतो. अशा वेळी क्लिप काळपट किंवा निळसर पडलेली दिसते.

उडालेला फ्यूज फेकू नका. काचेचा असेल तर उजेडात धरा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल, तर जबरदस्त शॉर्ट होता. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली असेल, तर तो थकून किंवा थोड्या जास्त करंटने गेला. सिरॅमिकचा असेल तर डोळ्यांनी काही कळत नाही, मल्टिमीटरच लावावा लागतो. तो लावाच, कारण ओव्हन मेलेला दिसतो पण फ्यूज शाबूत असतो, असंही होतं. मग दोष बहुधा थर्मल कटआउटचा (जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या भागाचा) असतो आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

आता धोक्याचं

घरातल्या उपकरणांपैकी उघडायला सर्वांत धोकादायक कोणतं, तर माझ्या मते हेच. ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट तयार करतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून ते मॅग्नेट्रॉनपाशी ४,००० व्होल्टच्या आसपास नेतात, आणि त्यामागे माणूस मारायला पुरून उरेल एवढा करंट असतो. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवू शकतो. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल, तर वरचं निरीक्षण कागदावर लिहून जाणकाराला द्या. त्याचंही काम निम्मं होईल.

स्वतः करणार असाल, तर प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं काढा. दहा मिनिटं थांबा. पत्र्याचं आवरण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी कपॅसिटर शोधा. दोन टोकं असलेला चपटा, लंबगोल धातूचा डबा, अंगावर १ मायक्रोफॅरडच्या आसपासचा आकडा. प्लॅस्टिकची जाड मूठ असलेला स्क्रूड्रायव्हर एका हातात घ्या, दुसरा हात खिशात. पातं दोन्ही टोकांना एकदम टेकवा, मग प्रत्येक टोक आणि ओव्हनची बॉडी यांच्यात टेकवा. पुन्हा एकदा तेच करा. खरं तर आतला ब्लीडर रेझिस्टर मिनिटभरात चार्ज उतरवतो. तेव्हा फटकन ठिणगी उडाली, तर तो रेझिस्टर गेलाय असं समजा आणि कपॅसिटर बदला.

आणि एक लक्ष्मणरेषा: आवरण काढलेलं असताना प्लग लावायचा नाही. व्होल्टेज ‘मोजून बघायचं’ तर नाहीच. आवरण उघडं ठेवून करायच्या खालच्या सगळ्या तपासण्या वीज बंद ठेवूनच होतात.

दाराचे तीन स्विच

बहुतेक ओव्हनच्या दारामागे तीन छोटे स्विच असतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. तिसरा मात्र विचित्र आहे. त्याला मॉनिटर स्विच म्हणतात आणि त्याचं काम मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवणं हे आहे. पहिल्या स्विचचे संपर्क चिकटून बसले, तर दार उघडं असतानाही मायक्रोवेव्ह किरणं चालू राहू शकतात. ते होऊ नये म्हणून दार उघडल्यावर मॉनिटर स्विच थेट शॉर्ट लावतो आणि फ्यूज उडवून ओव्हन बंद पाडतो. म्हणजे अशा वेळी फ्यूज उडणं हा बिघाड नसून ओव्हनने तुम्हाला वाचवलेलं असतं.

गंमत अशी की सगळे स्विच चांगले असूनही हे घडतं. दार उघडताना आधी वीज तोडणारे स्विच सुटले पाहिजेत आणि मॉनिटर शेवटी जुळला पाहिजे. लावताना उलट. हा खेळ एखाद-दोन मिलिमीटरचा आहे. दार बिजागरीवर खाली लोंबलं, स्विच दाबणारा दाराचा आकडा (हूक) झिजला किंवा त्याची स्प्रिंग सैल पडली, की क्रम बिघडतो आणि क्षणभर शॉर्ट होतो.

माझ्या ओव्हनचं हेच झालं होतं. तीन फ्यूज घालवले, डायोड बदलला, कपॅसिटरवर संशय घेतला. शेवटी लक्षात आलं की फ्यूज फक्त तेव्हाच जातो, जेव्हा कुणीतरी टायमर संपायच्या आधीच घाईने दार ओढतं. प्लग काढला, कान दाराजवळ नेला आणि दार अगदी सावकाश उघडलं. एरवी वेगवेगळे ऐकू यायला हवेत असे ‘टिक’ जवळपास एकत्र येत होते. दार हाताने किंचित वर उचलून उघडलं, की ते पुन्हा सुटे ऐकू येत. बिजागरीचा स्क्रू सैल होता! डायोड बिचारा निर्दोष निघाला.

तुम्हीही ही कानाची परीक्षा आधी करा, तिला मीटर लागत नाही. दार लावून ते वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवतो का. आकड्याचं टोक झिजलंय का, नखाने चाचपून बघा.

मग मीटर, बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर: दोन टोकं आतून जोडलेली असली की तो बीप देतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. मॉनिटर स्विच ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (घरची वीज घेणाऱ्या गुंडाळीला) समांतर जोडलेला असतो आणि त्या गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की मीटर तिच्यातूनच बीप देतो. म्हणून प्रत्येक स्विचच्या वायरी काढून मगच मोजा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. दार बंद असताना वीज तोडणाऱ्या दोन स्विचांवर बीप यायला हवा, मॉनिटरवर नको. दार उघडलं की नेमकं उलट. वीज तोडणारा स्विच दार उघडल्यावरही बीप देत असेल, तर तो चिकटलाय.

मॉनिटरमुळे फ्यूज उडाला असेल, तर फ्यूज, पहिला इंटरलॉक (वीज तोडणारा) स्विच आणि मॉनिटर स्विच तिन्ही एकदम बदला. सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हेच सांगितलेलं असतं, कारण त्या एका शॉर्टने स्विचचे संपर्क भाजलेले असतात. नवे स्विच घेताना एनओ (दाबल्यावर जोडणारा) आणि एनसी (दाबल्यावर तोडणारा) नीट बघा. दोन्ही दिसायला सारखेच असतात. मॉनिटरच्या जागी चुकीचा बसला तर दार बंद असतानाच शॉर्ट लागेल आणि नवा फ्यूज तिथल्या तिथे जाईल. आणि स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवणं किंवा मॉनिटरच्या वायरी काढून टाकणं हा ‘जुगाड’ करू नका. फ्यूज टिकेल, पण तुमचं संरक्षण गेलेलं असेल.

हाय व्होल्टेजचा भाग

दार निर्दोष असेल तर आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन्ही वायरी काढा, टोकांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नवा फ्यूज घाला, आवरण पूर्ण बसवा, आत पाण्याचा पेला ठेवा आणि सुरू करा. दिवा लागला, पंखा आणि थाळी फिरली, फ्यूज टिकला (पाणी अर्थातच तापणार नाही), तर बिघाड ट्रान्सफॉर्मरपासून पुढे. फ्यूज गेला, तर अलीकडे.

पुन्हा प्लग काढा, कपॅसिटर पुन्हा डिस्चार्ज करा, मग एकेक भाग सुटा करून मोजा.

डायोड. हा नेहमी फसवतो. चांगला डायोड साध्या मीटरवर दोन्ही बाजूंनी बंदच दिसतो, कारण त्याला सुरू व्हायलाच काही व्होल्ट लागतात आणि मीटर तेवढे देत नाही. लोक ‘गेला’ म्हणून फेकतात. पण बीप आला, तर तो नक्की शॉर्ट आहे. खात्रीसाठी ९ व्होल्टची बॅटरी आणि डायोड एका ओळीत जोडून मीटर डीसी व्होल्टवर लावा. एका दिशेने काही व्होल्ट दिसतील, उलट्या दिशेने जवळपास शून्य. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर डायोड बाद.

कपॅसिटरच्या दोन टोकांत किंवा कुठल्याही टोकातून डब्याकडे बीप येता कामा नये. डबा फुगलेला असेल तर मोजायचीही गरज नाही.

मॅग्नेट्रॉनच्या दोन टोकांमध्ये रोध १ ओहमपेक्षा कमी हवा. ते फिलामेंट आहे, तिथे बीप आला म्हणून घाबरू नका. पण कुठल्याही टोकातून बॉडीकडे बीप आला, तर मॅग्नेट्रॉन गेला. त्याचे गोल चुंबकही निरखून बघा. चुंबकाला तडा गेला की मॅग्नेट्रॉन जास्त करंट ओढतो. त्याचा सिरॅमिकचा भाग मात्र फोडू नका. काही मॅग्नेट्रॉनमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून बॉडीकडे बीप यायला नको. सेकंडरीचं (हाय व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळीचं) एक टोक मात्र बॉडीलाच जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे साधारण शंभर ओहमांच्या आगेमागे आकडा दिसणं ठीक आहे. आतले वेढे एकमेकांना चिकटले असतील तर मीटरला ते कळत नाही, पण नाकाला कळतं: जळक्या वार्निशचा वास.

मॅग्नेट्रॉनबद्दल एक कबुली द्यायला हवी. मीटर काही व्होल्टांवर मोजतो आणि तो काम करतो हजारो व्होल्टांवर. त्यामुळे बाकी सगळं चोख निघालं आणि फ्यूज तरीही स्टार्टनंतर जात असेल, तर मी मॅग्नेट्रॉनलाच दोषी धरतो. तो बहुधा सर्वांत महागडा भाग असतो, म्हणून ओव्हन जुना असेल तर इथेच हात झटकलेले बरे. आत मोठ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी सर्किट बोर्ड दिसला, तर तो इन्व्हर्टर प्रकार आहे. त्याच्या बोर्डाला घरी हात लावू नका.

नवा फ्यूज घालताना

जुन्या फ्यूजच्या टोपीवर लिहिलेले ॲम्पिअर आणि व्होल्ट, त्याची लांबी आणि सिरॅमिक की काच, सगळं जुळलं पाहिजे. सिरॅमिकच्या जागी काचेचा घालू नका. मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटते.

आवरणाचे सगळे स्क्रू लावा, एकही ‘जास्तीचा’ उरू देऊ नका. पेलाभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवा. मग ओव्हन चालू असतानाच दार उघडा: दहा वेळा हळू, दहा वेळा झटक्याने, दोनदा किंचित वर उचलून. प्रत्येक वेळी पंख्याचा सूर किंवा दिवा बदलतो का आणि मॅग्नेट्रॉनची घरघर तत्काळ थांबते का, ते ऐका. दार उघडल्यावरही घरघर चालू राहिली, तर प्लग काढा आणि दाराच्या स्विचांपासून पुन्हा सुरुवात करा.