स्क्रोल सॉवर मराठी पाटी कशी कापायची: ब्लेडपासून अनुस्वारापर्यंत

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत बसून मावशीच्या घराची पाटी कापत होतो. नाव सोपं, "आनंद", तीन अक्षरं, वर एकसलग शिरोरेघ, म्हटलं तासाभराचं काम. कापून झालं, भुसा झाडला, भुसा कचऱ्याच्या डब्यात गेला आणि पाटी उजेडात धरून बघतो तर "आनद". अनुस्वार भुशाबरोबर गेला होता. शेजारचे आण्णा, सगळी उमर चादरीच्या मागावर गेलेला माणूस, दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "काय करायलास बे, आनंदातला ठिपकाच घालवलास की." डबा उपडा करून शोधला, नाही सापडला. त्यानंतर मी बऱ्याच पाट्या केल्या, ब्लेडं तर किती तोडली मोजली नाहीत, आणि जे शिकलो ते इथं एकदाच लिहून टाकतो, कारण ज्यानं नवीन मशीन घेतलंय तो हमखास त्याच चुका करतो.

आधी एक गोष्ट, दुकानात स्क्रोल सॉ मागितलं की बरेचदा जिगसॉ काढून देतात. दोन्ही वेगळी. जिगसॉ हातात धरून चालवायचं, त्याचं ब्लेड एकाच टोकाला धरलेलं म्हणून जाड लागतं. स्क्रोल सॉ टेबलावर बसतं, साधारण शिवणयंत्रासारखं दिसतं, ब्लेड वर आणि खाली दोन्हीकडं पकडून ताणलेलं असतं म्हणून ते दोऱ्याइतकं बारीक असलं तरी चालतं. इथं मशीन हलत नाही, लाकूड आपण फिरवायचं. हौशी लोकांसाठी जी छोटी मशिनं मिळतात ती बहुतेक १६ इंची, म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत १६ इंच जागा, पाटीला भरपूर झाली.

घेताना बाकी काही बघू नका, दोनच बघा. स्पीड कमीजास्त करायचं बटण आहे का (साधारण मिनिटाला ४०० ते १६०० फटके अशी रेंज असते), आणि बिनपिनचं ब्लेड लागतं का. पिनवाल्या ब्लेडच्या टोकाला आडवी पिन असते, लावायला एकदम सोपं, पण अक्षराच्या पोटातली जागा कापायची तर ती पिन जाईल एवढं ४-५ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, आणि 'ब'च्या पोटात एवढं भोक पाडलं तर राहिलं काय? बिनपिनचं ब्लेड दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. मशीन फक्त पिनवालं असेल तर बिनपिनचं ब्लेड धरणारे क्लॅम्प वेगळे मिळतात, ते तुमच्या मॉडेलला बसतात का एवढं विचारून घ्या.

मशीन टेबलाला बोल्टनं घट्ट बसवा. मी सुरुवातीला आवाज कमी व्हावा म्हणून खाली जुनी सोलापुरी चादर घडी घालून ठेवली होती, आवाज खरंच कमी झाला पण मशीन डुलायला लागलं आणि कापलेल्या रेघा दारू प्याल्यासारख्या. आता १८ मिलिमीटर प्लायवर बोल्ट केलंय आणि प्लायखाली टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आहेत.

ब्लेड का तुटतं

नव्या माणसाला वाटतं ब्लेडच भिकार आहे. तसं क्वचित असतं. एकतर ताण कमी, नाहीतर आपण ढकलतोय, नाहीतर नंबर चुकीचा.

नंबरचं गणित सोपं ठेवा. ३ मिलिमीटरच्या पातळ प्लायला १ नंबर किंवा त्याहून बारीक, ६ ते १२ मिलिमीटरला ३ नंबर, १८-२० मिलिमीटरच्या सागवानाला ५ नंबर. पाकिटावर 'रिव्हर्स टूथ' लिहिलेलं असेल तर ते घ्या, त्यात खालचे थोडे दात वरच्या दिशेला असतात त्यामुळं प्लायच्या खालच्या बाजूला जे कुसळं निघतात ते बरेच कमी होतात. लावताना दात आपल्याकडं आणि खाली तोंड करून. हे सांगायला लाज वाटते पण मी उलटं लावून दहा मिनिटं 'कापत का नाही' म्हणून मशीनला शिव्या दिल्यात. उलटं असलं की लाकूड वर उड्या मारतं, त्यावरून ओळखा.

ताण किती? ब्लेड लावून बोटानं छेडा, तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ 'टुंग' आवाज यायला पाहिजे. 'धप' आला तर ढिलं आहे. बोटानं बाजूला दाबलं तर दोनतीन मिलिमीटर हलावं, जास्त नाही.

मग मशीनचं टेबल, ज्यावर लाकूड ठेवतो ते, ब्लेडशी काटकोनात आहे का ते बघा. टेबलावर जी डिग्रीची पट्टी असते तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. एक जाड ठोकळा घ्या, समोरून ब्लेडला लावून मिलिमीटरभर खाच मारा, मशीन बंद करा, ठोकळा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा आणि तीच खाच ब्लेडच्या पाठीला लावून बघा. ब्लेड खाचेत अलगद बसलं तर काटकोन बरोबर, तिरकं दिसलं तर टेबल थोडं हलवा आणि परत. गुण्यापेक्षा (काटकोन बघायच्या पट्टीपेक्षा) हे भरवशाचं.

आता एक विचित्र गोष्ट, सरळ रेघेवर लाकूड सरळ ढकललं तरी कट बाजूला पळतो. हात वाईट आहे असं समजू नका. बहुतेक ब्लेडचे दात ठोकून काढलेले असतात, त्यात एका बाजूला बारीक धार राहते, ती बाजू जास्त कापते, म्हणून कट साधारण उजवीकडं ओढला जातो. उपाय म्हणजे लाकूड किंचित तिरकं धरून द्यायचं. किती तिरकं ते प्रत्येक ब्लेडचं वेगळं, वाया तुकड्यावर एक हातभर रेघ कापली की हाताला आपोआप कळतं.

आणि ढकलू नका. खरंच, ढकलू नका. ब्लेड मागं वाकतंय असं दिसलं की समजायचं आपण घाई करतोय. टोकदार वळणावर तर लाकूड पुढं द्यायचंच नाही, ब्लेडच्या पाठीवर अगदी हलका दाब ठेवून जागच्या जागी फिरवायचं, पाठीला दात नाहीत म्हणून तिथं काही कापलं जात नाही आणि तेवढ्यात नवीन दिशा मिळते. हे एकदा जमलं की निम्मं काम जमलं. सरावासाठी एका तुकड्यावर शाळेच्या वहीसारख्या नागमोडी रेघा, चौकोन, आणि मोठा 'ळ' काढा. 'ळ' सगळ्यात चांगला, त्यात वळणच वळण आहे.

ब्लेड पंधरावीस मिनिटांच्या कामानंतर बोथट होतं, लाकूड काळं पडायला लागलं, जळका वास आला, की काढून टाका, जीव लावू नका. सागवानात सिलिका असते म्हणून ते ब्लेड लवकर खातं, प्लायचा गोंदही खातो. पातळ काम असेल तर ब्लेडचे खालचेच दात वापरले जातात, म्हणून टेबलावर १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा भोक पाडून ठेवायचा आणि त्याच्यावर काम करायचं, वरचे नवे दात कामाला येतात. एका ब्लेडमध्ये दोन ब्लेडं.

लाकूड

सुरुवातीला विकत घेऊ नका. फर्निचरवाल्याकडं ६ आणि १२ मिलिमीटर प्लायचे तुकडे पडलेले असतात, हसून मागितले की देतो. एमआयडीसीत मशिनरीच्या खोक्यांचं पाइन मिळतं, मऊ, सरावाला छान. पण परदेशातून आलेलं खोकं असेल तर त्यावरचा शिक्का बघा, 'एचटी' असेल तर उष्णता दिलेलं, चालतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते घरात आणू नका. आणि खिळे शोधा, एक खिळा म्हणजे एक ब्लेड. साध्या प्लायमध्ये आत पोकळ्या असतात, बारीक नक्षीत नेमकी तिथंच तुटते, म्हणून फायनल पाटीला बर्च प्लाय किंवा चांगलं सागवान घ्या.

पाटी

देवनागरी स्क्रोल सॉसाठीच बनलीय असं मला वाटतं. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी पडतात, ती एकेक चिकटवत बसा. आपल्याकडं शिरोरेघ बहुतेक सगळ्यांना धरून ठेवते ('ध', 'भ', 'थ' वर रेघ तुटते, तेवढं सोडून), अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. 'ग', 'ण', 'श' यांचे जे सुटे काने असतात तेही वर शिरोरेघेला लटकलेले, म्हणजे सुरक्षित. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेघेला चिकटलेले. अनुस्वार, आणि चंद्रबिंदूचा ठिपका, हे मात्र हवेत असतात. तिथं दोन रस्ते आहेत. एकतर चित्र काढतानाच ठिपका खाली ओढून शिरोरेघेला टेकवायचा, जवळून थोडं वेगळं दिसतं पण तुटत नाही. नाहीतर ठिपका सगळ्यात आधी कापायचा, डबीत टाकायचा आणि शेवटी मागून पट्टी लावून चिकटवायचा. आधी कापायचा, हे लक्षात ठेवा, भुशात शोधायला लागू नये म्हणून.

सागवानाची फळी असेल तर रेषे शिरोरेघेच्या दिशेनं आडवे ठेवा. शिरोरेघ मजबूत होते, पण मग काने रेष्याच्या आडवे येतात आणि पट्कन मोडतात, म्हणून काने जाड ठेवायचे, निदान ८ मिलिमीटर. प्लायला हा त्रास नाही.

अक्षरं कॉम्प्युटरवर जाड फॉन्टमध्ये लिहा, झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढताना 'फिट टू पेज' काढून टाकायला सांगा नाहीतर २० सेंटिमीटरचं नाव १८ होऊन येतं. लाकूड आधीच १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घ्या, कापल्यावर नक्षी घासताना मोडते. लाकडावर आधी मास्किंग टेप, टेपवर ग्लू स्टिकनं कागद, आणि कागदावर खोक्याला लावतात ती पारदर्शक टेप. टेपमुळं लाकूड कमी जळतं, आणि शेवटी टेप ओढली की कागद अख्खा निघतो, खरवडत बसावं लागत नाही.

मग पोटातल्या जागा. 'व', 'ब', 'म', जिथं जिथं बंद पोट आहे तिथं वाया जाणाऱ्या भागात कोपऱ्याजवळ भोक पाडा, खाली वाया लाकूड ठेवून, म्हणजे मागून कुसळं उडत नाहीत. ब्लेड वरून सोडा, भोकातून ओवा, खाली-वर पकडा, ताण द्या, कापा, परत सोडा. कंटाळवाणं आहे, सुईत दोरा ओवल्यासारखं, पण पर्याय नाही. आतलं सगळं आधी, बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, कारण बाहेरचं लाकूड असेपर्यंत हाताला धरायला जागा असते. बोटं ब्लेडच्या दोन्ही बाजूला, समोर कधीच नाही. चष्मा आणि मास्क घाला, सागवानाच्या भुशानं नाक आणि कातडी दोन्ही चुरचुरतात. ओढणी, मोकळे केस, बांगड्या आवरा. ब्लेड बदलताना प्लग काढा. आणि कापता कापता लाईट गेली तर आधी मशीनचं बटण बंद करा, नाहीतर लाईट येते तेव्हा तुमची बोटं नेमकी ब्लेडपाशी असतात.

आण्णांचा चादरीचा डिझाइन

पाटीनंतर काय करायचं तर चहाच्या कपाखालचे कोस्टर. कल्पना आण्णांची. चादरीचं डिझाइन जकार्डवर (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रावर) चढवायच्या आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, मग त्याची कार्डं पंच होतात. आण्णांनी वहीच्या ग्राफवर मला मोराचं एक पीस काढून दिलं, पायऱ्यापायऱ्यांचं. "एक घर चुकलं की अख्खी चादर चुकती," म्हणाले. मी एक पायरी ३ मिलिमीटरची धरून १० सेंटिमीटर चौकोनात बसवलं. सगळे काटकोन, गोल एकही नाही, म्हणजे जागच्या जागी वळायचा एवढा सराव दुसऱ्या कशानं होणार नाही.

चार कोस्टर हवेत तर चारदा कापू नका. ३ मिलिमीटर प्लायचे चार तुकडे एकावर एक, कडांना मास्किंग टेपनं करकचून गुंडाळा, १२ मिलिमीटरचा ठोकळा समजून ३ नंबरनं एकदाच कापा. इथं टेबल काटकोनात नसेल तर वरचा आणि खालचा मोर वेगवेगळा निघतो, ती खाच मारून बघायची ट्रिक म्हणूनच वर सांगितली.

टेबल मुद्दाम तिरकं करायचं एक काम म्हणजे जडावकाम. शिवणीसारखं फिकं आणि शिसमासारखं गडद लाकूड एकावर एक चिकटवून दोन्ही एकदम कापायचे, आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या खड्ड्यात बसवायचा. ब्लेडनं खाल्लेली फट भरून निघावी म्हणून टेबल किंचित कलतं ठेवतात, ६ मिलिमीटर जाडीला तीनेक अंश, पातळ लाकडाला जास्त. पूर्ण वेळ एकाच दिशेनं फिरायचं. वाया तुकड्यावर छोटं वर्तुळ कापून बघा, बसायच्या ऐवजी आरपार पडलं तर उलट दिशेनं फिरवा.

फिनिश

कोस्टरला चपडा पॉलिश लावू नका, गरम कपाचे पांढरे डाग पडतात. पीयू (पॉलियुरेथेन) लावा. आतल्या भिंतीवरच्या वस्तूला उकळलेलं जवसाचं तेल मस्त, लाकडाचा रंग उघडतो, पण ज्या फडक्यानं तेल लावलं ते बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, त्यात आपल्याकडचा मे महिना. पाण्यात भिजवा नाहीतर दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

दारावरच्या पाटीला बाहेरचं पीयू, तीन हात, कडांना आणि मागूनसुद्धा. लावताना भिंतीला चिकटवू नका, मागं सेंटिमीटरभर उंचीचे लाकडी ठोकळे देऊन पुढं काढा, दुपारच्या उन्हात अक्षरांची सावली भिंतीवर पडते आणि नाव दोनदा दिसतं. मावशीची दुसरी पाटी तशीच लावलीय. ठिपका मागून पट्टी देऊन चिकटवलाय, वरून एक बारीक खिळाही मारलाय. आण्णा येताजाता हात लावून बघतात, आहे का म्हणून.