विद्यापीठ बदलताय? पैशांच्या आधी वर्षाचा हिशेब करा आणि या चुका टाळा

दर वर्षी निकाल लागले की आमच्या विभागाच्या दारात आई, वडील आणि मुलगा किंवा मुलगी असे तिघे येऊन उभे राहतात. वडिलांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात गुणपत्रिका. "मॅडम, याला इकडे घ्यायचंय. तिकडचं कॅन्सल करून आलोय." यातलं दुसरं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या मुलांचे विषय आमच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ताडून झाल्यावर "वर्ष जाईल" हे सांगायची वेळही माझ्यावरच येते. ती कमी यावी म्हणून हे लिहिते आहे.

फी पाहिली, वर्ष पाहिलं नाही

एका मुलाचं सांगते. पुण्यात पहिलं वर्ष केलेलं, दोन विषय राहिलेले. वडिलांचा धंदा बसला, म्हणून घराजवळच्या कॉलेजात परत यायचं ठरलं. घरच्यांनी वहीत हिशेब मांडून आणला होता. आकडे थोडे गोल करून देते. पुण्याची फी १,१०,०००, इकडची ८०,०००, म्हणजे ३०,००० वाचले. खोली आणि मेस मिळून महिना ८,५००, अकरा महिन्यांचे ९३,५००. वर्षाला १,२३,५०० आणि उरलेल्या तीन वर्षांत ३,७०,५०० वाचणार. बेरीज अगदी बरोबर होती.

घोटाळा झाला तो दुसरीकडे. राहिलेले दोन विषय जुन्या विद्यापीठाचे, ते तिथेच परीक्षा देऊन सोडवावे लागणार. ते सुटेपर्यंत नवं विद्यापीठ दुसऱ्या वर्षाला घेईना. पुण्यातच राहिला असता तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, दुसऱ्या वर्षात बसला असता, पण प्रवेश रद्द करून आल्यामुळे तेही गेलं. विषय हिवाळी परीक्षेत सुटले, तोवर इकडची प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. वर्ष घरी बसून गेलं.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. पदवी एक वर्ष उशिरा म्हणजे पहिल्या नोकरीचा एक वर्षाचा पगार गेला. महिना २५,००० धरला तरी ३,००,०००. परीक्षेचे फॉर्म, दाखले, पुण्याच्या खेपा यांचे १५,००० धरा. ३,७०,५०० च्या बचतीतले ५५,५०० उरले. घरी बसण्याऐवजी कॉलेजात तेच वर्ष पुन्हा करावं लागलं असतं, तर आणखी ८०,००० फी. मग बचत दूरच, उलट २४,५०० चा खड्डा.

बुडालेला पगार कुणी वहीत लिहीत नाही, कारण तो खिशातून जात नाही. पण तो लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आणि हेही तितकंच खरं की वर्ष गेलं नसतं, तर त्या घरासाठी परत येण्याचा निर्णय उत्तम होता. म्हणून मी कुणालाही "बदलू नका" म्हणत नाही. मी एवढंच विचारते: पदवी कोणत्या वर्षी हातात येणार, हे कुणी लेखी सांगितलंय का?

कॉलेज बदलायचं की विद्यापीठ?

कितीतरी घरांत हे दोन एकच धरले जातात. त्याच विद्यापीठातलं दुसरं कॉलेज मिळालं तर पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, तोच राहतो, अभ्यासक्रम तोच, आणि विषय ताडून बघायचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. अपवाद स्वायत्त कॉलेजांचा. त्यांचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो, त्यामुळे विद्यापीठ एक असूनही विषय जुळत नाहीत.

तेव्हा आधी आपला जिल्हा कोणत्या विद्यापीठात येतो ते बघा. नाशिक आणि अहिल्यानगर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच आहेत, म्हणजे पुण्यातून नाशिकला घरी जायचं तर विद्यापीठ बदलायची गरजच नाही. सांगली-साताऱ्याची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. सोलापूर पूर्वी तिकडेच होतं, २००४ पासून त्याचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. लातूर नांदेडच्या विद्यापीठाकडे, पण शेजारचं धाराशिव छत्रपती संभाजीनगरच्या. धुळे-नंदुरबार जळगावकडे.

अभियांत्रिकीच्या मुलांनी आणखी एक पाहावं. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी राज्यभरातली कॉलेजं संलग्न आहेत. पुण्यातलं तुमचं कॉलेज लोणेरेचं असेल आणि गावाजवळचंही लोणेरेचंच निघालं, तर अर्धं काम झालं. इतकी साधी चौकशी राहून जाते आणि मुलं नाहक मायग्रेशनच्या, म्हणजे विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याच्या, चक्रात अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"विषय सुटला म्हणजे तिकडेही सुटला"

विषयाचं नाव सारखं असणं पुरत नाही. आम्ही अभ्यासक्रमाची प्रत उघडून घटक, तास, क्रेडिट (विषयाला दिलेलं वजन) आणि प्रात्यक्षिकं ताडतो. शिवाय विद्यापीठं दर काही वर्षांनी पॅटर्न बदलतात. पुण्याच्या अभियांत्रिकीचा २०१९ चा पॅटर्न होता, मग २०२४ चा आला. तुम्ही शिकलात तो पॅटर्न आणि नव्या ठिकाणी तुमच्या वर्गाला लागू असलेला पॅटर्न, हे दोनच ताडायचे असतात. संकेतस्थळावरचा ताजा अभ्यासक्रम छापून आणला की अख्खा दिवस वाया जातो.

वर्षाच्या मधोमध, म्हणजे एक सत्र झाल्यावर बदलायचं म्हटलं तर गुंता वाढतो. पुण्याच्या २०१९ पॅटर्नमध्ये कॉम्प्युटर शाखेला गणित-३ चौथ्या सत्रात होतं, मुंबई विद्यापीठाच्या त्याच काळातल्या अभ्यासक्रमात ते तिसऱ्या सत्रात. तिसरं सत्र करून पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या मुलाचं गणित राहूनच जाणार, आणि त्यात चूक कुणाचीच नाही. म्हणून माझा आग्रह असतो की बदल करायचाच तर वर्ष पूर्ण करून, सगळे विषय सोडवून करा.

जुन्या कॉलेजाकडून शिक्का मारलेली अभ्यासक्रमाची प्रत घ्या. नव्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांकडून दोन याद्या घ्या: कोणते विषय मान्य, कोणते पुन्हा करायचे. दुसऱ्या यादीपुढे ते विषय कोणत्या सत्रात होतील तेही लिहून घ्या. तोंडी "होऊन जाईल" यावर वर्ष पणाला लावू नका. अंतिम निर्णय विद्यापीठाच्या पात्रता विभागाचा असतो, विभागप्रमुखांचा नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

क्रेडिट बँकेबद्दलचा गैरसमज

"आता एबीसी आहे ना, क्रेडिट आपोआप ट्रान्सफर होतात," असं मुलं मला ठामपणे सांगतात. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये आली. तिच्यात क्रेडिट सात वर्षांपर्यंत जपून राहतात, हे खरं. पण जमा असणं वेगळं आणि नव्या विद्यापीठाने ती तुमच्या पदवीत धरणं वेगळं. ते धरणं विषय जुळण्यावर आणि जागा असण्यावरच अवलंबून आहे. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६ क्रेडिटचा आराखडा आहे. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांनी राज्याबाहेर जाताना हा आकडा तिकडच्या आकड्याशी आवर्जून ताडावा, कारण युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) किमान अट १२० आणि १६० ची आहे आणि सगळीकडे सत्राला क्रेडिट सारखी नसतात.

आधी कॅन्सल, मग चौकशी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. क्रम असा ठेवा. नव्या कॉलेजात तुमच्या शाखेत, तुमच्या वर्षाला रिक्त जागा आहे का, ते आधी. मग विषयांच्या याद्या. मग दोन्ही कॉलेजांची ना हरकत. मग विद्यापीठाची मंजुरी, आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर तंत्रशिक्षण संचालनालयाचीही लागते का याची विचारणा. हे सगळं हातात आल्यावरच जुना प्रवेश रद्द करा आणि टीसी, मायग्रेशन काढा. मायग्रेशन एकदा काढलं की जुन्या विद्यापीठात परत जायला नव्याने खटपट करावी लागते.

जुनं कॉलेज उरलेल्या वर्षांची फी मागतं तेव्हा

पालक इथे घाबरून पैसे भरून टाकतात. थांबा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला युजीसीने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट मनाई केली आहे. एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय. पण त्याच निकालात, मुलगा मध्येच सोडून जाईल असं वाटलं तर उरलेल्या फीसाठी बंधपत्र किंवा बँक हमी घ्यायची मुभाही कॉलेजांना आहे. तेव्हा प्रवेशाच्या वेळी कशावर सह्या केल्या होत्या, ते कागद आधी शोधा. बंधपत्र नसेल तर मागणी लेखी द्या म्हणा. लेखी मागितल्यावर मागणीच मागे घेतलेली मी पाहिली आहे.

शिष्यवृत्ती आणि कर्ज

महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं, आधी विचारा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण शुल्क माफ आहे. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला या सवलती कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून झालेल्या प्रवेशाशी बांधलेल्या आहेत. बदलीचा प्रवेश कशात दाखवणार, अर्ज नूतनीकरणाचा होणार की नवा, हे नव्या कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या कारकुनाला विचारा. त्यांना हे प्राचार्यांपेक्षा जास्त माहीत असतं. ८०,००० च्या फीत शिक्षण शुल्क ७०,००० असेल, तर निम्मी सवलत हुकणं म्हणजे तीन वर्षांत १,०५,०००.

कर्ज ठरावीक कॉलेज आणि ठरावीक मुदत धरून मंजूर झालेलं असतं. हप्ते साधारण शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पदवी वर्षभर पुढे गेली आणि बँकेला कळवलं नाही, तर शिक्षण संपता संपताच हप्ता सुरू होऊ शकतो. शाखेत जाऊन मुदत वाढवून घ्या आणि पोच घ्या.

गोंधळ झालाच असेल तर

परीक्षेचा फॉर्म "पात्रता नाही" म्हणून परत आला, तर कॉलेजमार्फत तात्पुरत्या पात्रतेचा अर्ज त्याच दिवशी द्या. मायग्रेशनसाठी अर्ज केल्याची पावती जोडा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. उशीर विद्यापीठाकडून झाला हे दाखवायला तोच एक पुरावा असतो.

दोन-तीन विषय मान्य झाले नसतील, तर वर्ष पुन्हा करण्याआधी विचारा: ते पुढच्या वर्गाबरोबर जादा विषय म्हणून करता येतील का? स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षण पोर्टलवरच्या अभ्यासक्रमाने भरून निघतील का? युजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून करायची मुभा दिली आहे, पण विद्यापीठाची आधी मंजुरी हवी. मंजुरीशिवाय केलेला अभ्यासक्रम ज्ञान देईल, क्रेडिट नाही.

वर सांगितलेला मुलगा आता तिसऱ्या वर्षात आहे. गणितात चांगला आहे, घरी राहतो, बसने येतो. परवा त्याच्या बरोबरच्या पुण्यातल्या मुलांचे कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले, तेव्हा तो विभागात येऊन त्याच कंपन्यांची माहिती विचारून गेला, पुढच्या वर्षासाठी.