एक ग्रॅमचे दागिने काळे पडू नयेत म्हणून काय करायचं

एक ग्रॅमच्या दागिन्यावर सोन्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, १ मिलिमीटरचे १००० भाग केले तर त्यातला एखादा भाग, बऱ्याचदा तेवढासुद्धा नसतो, आणि आत असतं तांबं नाहीतर पितळ. काळं पडतं ते हे आतलं, वरचं सोनं झिजलं की.

मागच्या वर्षी माझी ठुशी बाहेर काढली तर पुढचे मणी एकदम झकास आणि मागे दोऱ्याजवळचे पाच-सहा काळेकुट्ट! झालं असं की लग्नात चार तास घाम दोऱ्यात मुरला, मी घरी आले, दमलेली होते, तशीच डबीत टाकली न् झाकण लावलं. आता मी आधी जुन्या सुती ओढणीने हलक्या हाताने पुसते, मग रात्रभर फॅनखाली टॉवेलवर पसरून ठेवते, उन्हात नाही हां, आणि दोरा बोटाला कोरडा लागला की मगच आत. गौरीच्या दागिन्यांचंही तेच, फुलांचं पाणी, हळदकुंकू सगळं अंगावर बसलेलं असतं, विसर्जनानंतर पुसल्याशिवाय ठेवू नका.

ठेवायला वेल्वेटची डबी दिसते छान पण पावसाळ्यात ओल धरते. त्यापेक्षा साधी झिप पाऊच घ्या, एकीत एकच दागिना, हवा दाबून काढायची आणि नवीन पर्स-बुटांसोबत येतात ना त्या सिलिका जेलच्या पुड्या, त्यातली एक आत टाकायची. खरे मोती असतील तर मात्र झिप पाऊच नको, मलमलच्या कापडात गुंडाळा. रबर बँड लावायचा नाही, त्यात गंधक असतं, त्यानेही काळं पडतं.

परफ्युम, पावडर, हेअर स्प्रे सगळं आधी, दागिने शेवटी, आणि काढताना सगळ्यात आधी तेच काढायचे.

फारच तेलकट झालं तर कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब, कापड भिजवून घट्ट पिळून पुसा. पाण्यात बुडवू नका, खडे चिकटवलेले असतात, सुटतात. आणि टूथपेस्ट, चिंच, बेकिंग सोडा अजिबात नको!! मावशीने पाटल्या टूथपेस्टने घासल्या, पाच मिनिटं मस्त चमकल्या मग खालून लालसर तांबं दिसायला लागलं. एकदा तांबं दिसलं की घरी काही होत नाही, पॉलिशवाल्याकडेच द्यावं लागतं, आणि तो किती घेणार ते आधी विचारा, कधी कधी त्यात थोडे घातले की नवीनच येतं.